वडापाशी येतंय का?

अण्णा,

आज सकाळी घंटागाडी दारावरून गेली आणि तिच्यातून मीच ओरडत होते. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, पिशवीत खरकटं बांधून टाकू नका. मी बादली घेऊन दारात उभी आणि माझाच आवाज मला दटावत पुढच्या गल्लीत गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचा आवाज बाकी खणखणीत हाय बरं का, येक शबुद वाया जात न्हाई." त्यांनी कौतुकच केलं होतं, पण मी बादली तशीच घेऊन घरात आले. तुमची आठवण तशी रोज येते, आज जरा रागावून आली.

तुम्ही गेल्यानंतरचं आधी सांगून टाकते. मी मुंबई सोडली. आता सुप्याला राहते, तुमचे जावई इथल्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंगची खोली केलीय. दुकानांच्या जाहिराती, यात्रेची निमंत्रणं, हरवलेल्या म्हशीचा पुकारा, रिक्षावर फिरणाऱ्या घोषणा, सगळं मी बोलते. निवडणूक आली की दोन्ही पार्ट्यांचं मीच बोलते, सकाळी एकीचं आणि दुपारी दुसरीचं. हसा. तुम्हाला हसायचा हक्क आहे, आणि तो का आहे त्यासाठीच तर हे लिहायला बसलेय.

पुण्याच्या एका प्रकाशनातली बाई माझ्या मागे लागलीय. मुंबईतल्या पंक बँडच्या दिवसांवर पुस्तक लिहा म्हणते. गावाकडची मुलगी, गिटार, शिव्या, अर्धं डोकं भादरलेलं, असं सगळं तिला हवंय. बरंचसं लिहून झालं. बंद पडलेल्या गोदामातली आमची तालमीची खोली लिहिली, तिथला पंखा लावला की छपराची माती ड्रमवर पडायची. बेस गिटार वाजवणारा लिहिला, मंचावर जगाला शिव्या घालणारा आणि आईचा फोन आला की उभा राहून बोलणारा. ड्रम वाजवणारी लिहिली, ती नर्स होती, ड्यूटीवरून थेट यायची आणि दिवसभराचा राग काठ्यांवर काढायची. ऐकायला आलेल्यांत निम्मी माणसं पुढच्या बँडमधलीच असायची, तेही लिहिलं. पण बाईंना हवी आहे ती एक गोष्ट, आणि तिथेच माझं अडलंय. "तुमचे वडील कार्यक्रमात साउंड मिक्सरवर गेले ती लिहा ना," असं प्रत्येक फोनला म्हणते. ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीय. मुंबईत जुनी मंडळी भेटली की अजून सांगतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. मीही हसते. त्यांना गोष्ट माहीत आहे, ओळ माहीत नाही.

पुस्तक वाचणाऱ्याला आधी तुमचा धंदा सांगावा लागेल. नगर जिल्ह्यात, कर्जतच्या रस्त्याला तुमचं स्पीकरचं दुकान होतं. चार कर्णे, एक ॲम्प्लिफायर, दोन माईक आणि मांडवाच्या लोखंडी खुर्च्या. लग्न, बारसं, जागरण-गोंधळ, जयंती, सभा, ज्याला हवं त्याला तुम्ही आवाज लावून द्यायचात. मालक म्हणवून घेणं तुम्हाला आवडत नसे, तुम्ही स्वतःला ऑपरेटर म्हणायचात. मशीनला आईनं फडकं लावलं तरी तुमचं डोकं फिरायचं. तसा तुमचा स्वभाव काही गरीब नव्हता. माईक टेस्ट करताना बाकीचे लोक हॅलो हॅलो करतात, फुंकतात, टिचक्या मारतात. तुम्ही फक्त विचारायचात, "वडापाशी येतंय का?" गावाच्या टोकाला वड होता. तिथं जो कोणी बसलेला असेल त्यानं हात वर करायचा. हात आडवा हलवला तर ऐकू येतंय पण शब्द कळत नाहीत, मग तुम्ही परत कर्ण्यावर चढायचात. जेवणं खोळंबली, नवरदेव खोळंबला, तरी तुमचं वडापाशी झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

मी सातवीत असताना जयंतीला भाषण करणार होते. तालीम तुम्ही घेतलीत. मी माईक ओठांना चिकटवला तशी तुम्ही टपली मारलीत. "आइसकिरीम हाय का ते? चाटतीस का काय?" मग माझ्या तोंडाच्या आणि माईकच्या मध्ये स्वतःची चार बोटं आडवी धरलीत. बोटांना सोल्डरिंगचा वास होता. "येवढं लांब. घाई करायची न्हाई. आन् शेवटचं अक्षर गिळायचं न्हाई. मागची लोकं त्याचीच वाट बघत असत्यात." तेवढ्यात मी पुढे सरकले आणि माईकनं शिट्टी मारली. तुम्ही झडप घालून बटण फिरवलंत आणि आजूबाजूला कुणी ऐकलं का ते पाहिलंत. माईकची शिट्टी म्हणजे तुमच्या धंद्यात अब्रू गेली. एका लग्नात मंगलाष्टकाच्या मधोमध शिट्टी झाली तर तुम्ही त्या मांडवात जेवला नाहीत, आम्हालाही जेवू दिलं नाहीत, आणि त्या दिवशी जिलेबी होती.

मग ती सभा. मी नववीत होते. आपल्या वस्तीनं विहारासाठी गावठाणात जागा मागितली होती आणि ती देऊ नये म्हणून चावडीपुढे सभा भरली. स्पीकर अर्थातच तुमचा, गावात दुसरा होता कुठे! मी आणि आई घरात होतो. सगळं घरात ऐकू येत होतं. गावातला एक मोठा माणूस बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "काल आमच्या मांडवात खुर्च्या उचलनारे आज गावठानात जागा मागत्यात." लोक हसले, ते हसणंही कर्ण्यातून आलं. खुर्च्या उचलणारे म्हणजे कोण ते सांगायला नको होतं. आई भाकरी थापायची थांबली. आता अण्णा वायर काढतील, असं मला वाटलं. मी वाट बघत राहिले. उलट आवाज आणखी स्वच्छ झाला. तुम्ही बटण फिरवून त्याचे शब्द नीट केलेत, मला घरात बसून ते कळलं, कारण तुमचं बटण मी ओळखत होते.

तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, ताटावर बसलात. आईनं विचारलं, "तार उपटायला हात न्हवते का तुमाला?" तुम्ही म्हणालात, "तार उपटली असती तर लोकं म्हनली असती मशीन बिघडलं."

"म्हनू द्यायचं!"

"आन् उद्या त्यो म्हनला असता, मी आसं बोललोच न्हाई. आता समद्या गावानं ऐकलंय. आता नाकारून दावू दे की त्याला."

आई डोळ्यांना पदर लावून चुलीकडे वळली. मला ती निव्वळ सबब वाटली. आपल्या बापाला मशीनच्या अब्रूची काळजी आहे, स्वतःच्या नाही, असं माझं ठरून गेलं. त्यानंतर मी दुकानात पाऊल ठेवलं नाही, आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत.

कॉलेजला नगरला गेले, तिथून मुंबईला. गिटार कुणाचीतरी उचललेली, बोटं कुणीतरी शिकवलेली. बँडमध्ये आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्हाला वाटलं लग्नातला बँड. "डिरेस देत्यात का?" असं विचारलंत. पंक म्हणतात त्याला, असं मी म्हणाले. तुम्ही शाळेतल्या गुरुजींना विचारून आलात आणि पुढच्या फोनला जरा काळजीनं म्हणालात, "गुरुजी म्हनत्यात पंक म्हंजी चिखल. चिखलाचं गानं कशापायी म्हनती गं?" मी हे बँडला सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की आम्ही बँडचं नावच बदलायला निघालो होतो. आणि तुमचं वडापाशी मी उचललंच होतं. कार्यक्रम सुरू करताना मी माईकवर ओरडायचे, "वडापाशी येतंय का?" पोरं मागून ओरडायची, "येतंय!" वड कुठला, कोणाचा, कुणालाही माहीत नव्हतं.

शिट्टीही उचलली. तुमच्याकडे जी अब्रू घालवायची तीच आमच्याकडे लोक ऐकायला यायचे. गिटार ॲम्पच्या तोंडाला लावायची की ती किंचाळायला लागते. एका गाण्याच्या शेवटी आम्ही दोन्ही गिटारी तशा लावायचो, कान फुटेस्तोवर, आणि त्या किंचाळण्याच्या खाली मी शेवटच्या ओळी म्हणायचे. त्या ओळी अशा होत्या, आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय:

माझ्या बापाचा कर्णा भाड्यानं बोलतो,
ज्याच्या हाती माईक त्याचंच बोलतो,
माझ्या बापाला जीभ न्हाई, नुसती वायर हाय.

बँडलाही त्या धड ठाऊक नव्हत्या. ड्रमवालीला मराठी समजत नव्हतं आणि बेसवाला स्वतःच्याच आवाजात बुडालेला असायचा. शिट्टीत कुणाला एक अक्षर कळत नसे. म्हणूनच तर मी त्या लिहू शकले होते.

तुम्ही मुंबईला आलात ते नवा मिक्सर घ्यायला. लॅमिंग्टन रोडला चार दुकानं हिंडून खोका घेतलात आणि म्हणालात, परतीची गाडी संध्याकाळची आहे, तोवर तुझं काय ते गाणं ऐकतो. शनिवारची दुपार, एका बारमध्ये कार्यक्रम, बारचं गिऱ्हाईक यायच्या आधीचा. मी येऊ नका म्हणाले नाही. त्या गाण्याचा विचार मनात आला होता, पण शिट्टी आहे म्हणून मी निश्चिंत होते. तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट, टोपी, मिक्सरचा खोका मांडीवर, असे सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलात. पोरं उड्या मारतायत, एकमेकांना ढकलतायत, आणि तुम्ही खोक्यावर हात ठेवून स्पीकर कुठे लावलेत ते बघताय. मी नेहमीसारखी ओरडते, "वडापाशी येतंय का?" पोरं ओरडतात, येतंय. आणि मागून तुमचा हात वर होतो. तो मला दिसतो. हात आडवा हलतो.

अण्णा, मी गंमत म्हणून विचारलं होतं, तुम्ही कामाचं म्हणून ऐकलंत. सगळ्यात मागे तुम्हीच होतात, मग सांगायचं काम तुमचंच की. तुम्ही तीन गाणी दम धरलात. चौथं ते होतं. गिटारी किंचाळायला लागल्या तशी तुम्ही खोका खुर्चीवर ठेवलात आणि उठलात. तुमच्या मुलीची अब्रू चारचौघांत चालली होती आणि मिक्सरवरचं पोरगं डोळे मिटून मान हलवत होतं. तुम्ही त्याला म्हणालात, "सरक." हे मला नंतर त्यानंच सांगितलं. तुम्ही एकदाच मिक्सरवरून नजर फिरवलीत, गिटारींची बटणं खाली ओढलीत आणि माझ्या माईकचं वर सारलंत. शिट्टी थांबली. नुसता ड्रम राहिला आणि माझा आवाज. आमच्या आवाजात इतकी शांतता कधीच झाली नव्हती. पोरं उड्या मारायची थांबली. पहिली ओळ म्हणून झाली होती, ती शिट्टीत गेली. दुसरी आणि तिसरी राहिली होती. त्या मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ गेल्या.

मग हसण्याचा आणि टाळ्यांचा कल्लोळ झाला. पंकच्या कार्यक्रमात टोपीवाल्या म्हाताऱ्यानं शिट्टी बंद केली, यापेक्षा मोठं बंड कुणी पाहिलं नव्हतं, त्या गडबडीत ओळींकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. बेसवाल्यानं तुमच्या पाया पडायचं नाटक केलं. तुम्ही बावरून हसलात. मिक्सरवरच्या पोराला गिटार किती ठेवायची ते समजावून सांगत होतात. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला काहीच वाचता येत नव्हतं.

स्टँडवर आपण चहा घेतला. तुम्ही बशीत ओतून प्यालात. गाडी लागली तेव्हा म्हणालात, "आवाज चांगला लागला. शबुद कळले." आणि खोका छातीशी धरून चढलात. शब्द कळले. तुम्ही आयुष्यात कुणाच्या गाण्याचं यापेक्षा जास्त कौतुक केलं नव्हतं. लता असो की भीमगीतं म्हणणारा पोऱ्या, तुमचं शेवटचं सर्टिफिकेट तेच. मग त्या दिवशी ते ऑपरेटर म्हणाला की बाप म्हणाला? खिडकीपाशी जाऊन मला विचारता आलं असतं. मी हात हलवला.

ते गाणं आम्ही परत वाजवलं नाही. मीच टाळलं. पुढे कितीतरी महिन्यांनी फोनवर पावसापाण्याचं, आईच्या गुडघ्याचं बोलून झाल्यावर तुम्ही मध्येच म्हणालात, "ते कर्न्याचं गानं म्हनतीस का गं अजून?"  मी म्हणाले, "नाही, जुनं झालं ते." तुम्ही म्हणालात, "म्हनायचं की. चाल चांगली हुती." तेव्हा तरी बोलायचं होतं मी. अण्णा, ती ओळ रागाची आहे, तुम्ही जेवत होतात आणि आई रडत होती त्या रात्रीची आहे, एवढं तरी. मी रेंज जातेय म्हणाले. स्पीकरवाल्याच्या मुलीनं रेंजची सबब सांगावी!

मग तुम्हाला ताप आला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं उरकत आलं होतं.

तुमच्या जलदान विधीला विहारात माणसं बसली होती. गावठाणातल्याच विहारात. तो झाला हे मला माहीत होतं, कसा झाला हे मी कधी विचारलं नव्हतं. वरच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत आली, सभेत बोललेल्या त्या मोठ्या माणसाच्या भावकीतली. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "तुझ्या बापाचा स्पीकर लई चांगला हुता बाई." मी मान हलवली. मग तिनं सांगितलं. जागेच्या चौकशीला तालुक्याहून साहेब आले होते. तो माणूस त्यांच्यापुढे म्हणाला, माझा काहीच विरोध नव्हता, मी कुणाला काही बोललोच नाही. "म्या म्हनलं, बोलला की! घरात भाकरी थापीत ऐकलंय म्या. खुर्च्या उचलनारे म्हनला. मंग बाकीच्या बायापन म्हनल्या, व्हय, आमीबी ऐकलं. त्याला मान वर करता आली न्हाई." म्हातारीनं माझा हात धरला. "येक येक शबुद आला हुता बाई घरात."

मी तिथून उठून मागच्या बाजूला गेले. तुम्ही आईला जे सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर तसंच झालं होतं, आणि तुम्ही मला ते कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी तसलं गाणं लिहिलं नसतं, असं म्हणून तुमच्यावर ढकलायचाही प्रयत्न मी केला. पण तुम्ही एकदा सांगितलं होतंत, ताटावर बसून. मीच ऐकलं नव्हतं.

आता पुस्तक. बेसवाला परवा फोनवर म्हणाला, "त्यात काय लिहायचंय एवढं? तुझे वडील आले, त्यांनी गिटारीचं बटण खाली ओढलं, सगळे हसले. शब्द कुणाला कळले होते तेव्हा?" तसं लिहिता येईल. किंवा गाणं दुसऱ्याच कशाबद्दल होतं असंही लिहिता येईल, साक्षीला कोण आहे? बाईंना गोड प्रकरण मिळेल आणि लोक तुम्हाला हसतील ते प्रेमानंच हसतील. दुपारी मी गाद्यांच्या खोलीत बसून हे तुम्हाला वाचून दाखवायचं ठरवलं. माईकपुढे बसले, कागद धरला, रेकॉर्डिंगचं बटण काही दाबलं नाही. हे पत्र पुस्तकात जाणार नाही आणि तुमच्याकडे पाठवायची सोय नाही.

पण तुमचंच म्हणणं आहे, सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं की उद्या नाकारता येत नाही. तेव्हा एवढं मान्य करते. तुम्ही पोराला सरक म्हणालात तेव्हाच तुमचा हात मला दिसला होता. शिट्टी जाणार हे मला कळलं होतं. दोन ओळी शिल्लक होत्या. मला खोकता आलं असतं, माईकपासून तोंड फिरवता आलं असतं, नुसतं आ ऊ करता आलं असतं, पंकमध्ये कुणी विचारत नाही. मी तसं केलं नाही, कारण तुम्ही ऐकावं असं मला वाटत होतं. मी चार बोटं अंतर धरलं, घाई केली नाही, आणि शेवटचं अक्षर गिळलं नाही.